चौरंगी, पंचरंगी आणि वाडीचा संघ

भात निघाले की आमच्या आंदर मावळात खाचरांची मैदाने होतात. कान्हे फाट्यावरून आत वळून टाकवे बुद्रुक मागे टाकले की दोन्ही अंगांना डोंगर आणि मध्ये अरुंद खोरे लागते. कापणी-झोडणी आटोपली की त्यातले एखादे मोठे खाचर निवडायचे, धसकटे काढायची, पाणी मारून रोलर फिरवायचा आणि टेनिस चेंडूचे सामने भरवायचे, हा रिवाज मी शाळेत होतो तेव्हापासून पाहत आलो आहे.

गेल्या हंगामात आमच्या गावच्या स्पर्धेचा नियम बदलला. आधी स्पर्धा 'ओपन' होती. प्रवेश फी भरली की कोणीही अकरा जण संघ म्हणून उतरत. गावठाणाचे दोन संघ असत, ठाकरवाडीचा एक आणि आमच्या बौद्धवाडीचा एक. आता संयोजकांनी 'एक गाव, एक संघ' असे ठरवले. सांगितलेली कारणे ऐकायला चांगली होती. गावात गट नकोत, एकोपा वाढावा, बाहेरची जास्त गावे बोलावता यावीत. त्याप्रमाणे सोळा संघांचे बत्तीस झाले. स्पर्धा दुपटीने वाढली आणि आमच्या वाडीचा संघ नाहीसा झाला. गावच्या अकरांत वाडीतले दोघे घेतले. दोघेही गोलंदाज. कप्तान कोण झाला आणि निवड कोणाच्या ओसरीवर झाली, हे या अंकाच्या वाचकाला वेगळे सांगायला नको.

त्या दोघांपैकी एक जण माझ्या वर्गात आहे. गावात तो मला दादा म्हणतो, कॉलेजात सर. एका दुपारी तास संपल्यावर तो थांबला आणि म्हणाला, "सर, आपण आपला वेगळा संघ मागायचा, की गावच्या संघातच जास्त जागा मागायच्या?"

मी इतिहास शिकवतो. खेळातली गोष्ट आहे, मनावर घेऊ नकोस, असे उत्तर माझ्या ओठांवर आले होते. ते मी गिळले हे बरे झाले. कारण हाच प्रश्न १९३२ साली येरवड्याच्या तुरुंगात आपल्या साऱ्या समाजापुढे उभा होता आणि त्याच्याही आधी तो मुंबई-पुण्याच्या क्रिकेटच्या मैदानावर उभा राहिला होता. पुणे करारावर आपण पुष्कळ लिहिले आहे. क्रिकेटचा इतिहास मात्र आपण वर्तमानपत्रांच्या क्रीडापानांवर सोडून दिला. संघ कोणत्या तत्त्वावर पाडायचे, किती वाढवायचे, कोणाला कोणाच्या गटात घालायचे, ही सत्तेची कामे आहेत. तिथे कोणाचा हात लेखणीवर होता, हे तपासल्याशिवाय त्या पोराला उत्तर देता येणार नव्हते.

०

आपल्याकडच्या मोठ्या क्रिकेटची पहिली मांडणी धर्मावर झाली. १८७७ साली पारशी खेळाडू मुंबईत युरोपियनांविरुद्ध उतरले. १८९२ पासून या दोघांचे इलाखा सामने नियमाने होऊ लागले. १९०६ साली हिंदूंचा संघ युरोपियनांशी खेळला आणि १९०७ पासून स्पर्धा तिरंगी झाली. १९१२ साली मुसलमानांचा संघ आला, ती चौरंगी झाली. १९३७ साली पाचवा संघ आला, ती पंचरंगी झाली. १९४६ साली ती बंद पडली. स्पर्धा वाढत गेली, पण वाढीचा नियम कधी बदलला नाही. माणूस कोण, तर त्याचा धर्म.

याच वर्षांत कायदेमंडळांची रचना कशी होत होती ते शेजारी ठेवून पाहावे. १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी मुसलमानांना स्वतंत्र मतदारसंघ दिले. १९१९ च्या कायद्याने शीख, भारतीय ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन यांच्यापर्यंत हे तत्त्व पोचले. एका कायद्यामुळे एक संघ आला, असा भाबडा हिशेब मला मांडायचा नाही. पण खानेसुमारीचे रकाने, मतदारसंघ आणि मैदानावरचे संघ यांच्यामागची दृष्टी एकच होती. हा देश म्हणजे धर्मांच्या पेट्यांची रास, असे ती मानत होती.

आता या पेट्यांत अस्पृश्य कुठे होता? देवळाच्या पायरीवर तो हिंदू नव्हता. पाणवठ्यावर तो हिंदू नव्हता. पण मोजणीच्या वेळी तो हिंदू होता आणि युरोपियनांना हरवायचे असेल तेव्हाही तो हिंदू होता. पळवणकर बंधूंची हकीकत ही या सोयीच्या हिंदुत्वाची हकीकत आहे.

०

बाळू पळवणकर चांभार समाजातले. वडील लष्करात चाकरीला होते. बाळू पुण्यात आधी पारशी क्लबात आणि मग युरोपियनांच्या पूना क्लबात मैदानाचे काम करत. झाडलोट करायची, खेळपट्टी बनवायची, जाळी उभारायची. पगार महिना चार रुपये. सरावाला साहेब आले की त्यांना चेंडू टाकायचे हेही कामच. ग्रेग नावाचा इंग्रज अधिकारी त्या काळचा नामांकित फलंदाज. त्याला तासन्‌तास गोलंदाजी करता करता बाळूंची डावखुरी मंद फिरकी तयार झाली. मात्र त्यांच्या हातात बॅट कोणी दिली नाही. बॅट साहेबाची, चेंडू गड्याचा, अशी ती वाटणी होती. आमच्या गावच्या संघात घेतलेले दोघेही गोलंदाजच का, हा प्रश्न मला या ठिकाणी पुन्हा आठवतो. गोलंदाजी ही या खेळातली मजुरी आहे.

पुढे पुण्याच्या हिंदू क्लबाला हा गोलंदाज हवासा वाटला. वाद झाले, तरी घेतले. मैदानावर बाळूंनी हाताळलेला चेंडू सर्वांनी हाताळायचा. चहाच्या वेळी मात्र इतरांना कपबशी, आणि बाळूंना पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या टाकाऊ भांड्यात चहा. एकाच दिवसात, एकाच मैदानावर, सीमारेषेच्या आत स्पृश्य आणि बाहेर अस्पृश्य. जातीचा कायदा किती लवचीक असतो आणि गरजेपुरता किती वाकतो, हे सांगायला याहून वेगळा पुरावा नको.

पुढे बाळू मुंबईला गेले. १९०६ च्या फेब्रुवारीत हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, त्या संघात बाळू होते आणि त्यांचे धाकटे बंधू शिवरामही होते. 'इंडियन सोशल रिफॉर्मर' सारख्या सुधारकी पत्राला या विजयात जातिभेद मोडण्याची सुरुवात दिसली. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. तेवीस सामन्यांपैकी पंधरा हरला, सहा जिंकला. त्या पडत्या दौऱ्यात बाळूंनी सर्व सामने मिळून ११४ बळी घेतले. तेव्हा त्यांचे वय पस्तिशीच्या घरात होते. बळींची संख्या आपण अभिमानाने सांगतो. पण मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो पुढचा प्रश्न. इतके बळी घेणारा माणूस कर्णधार का झाला नाही?

१९१३ साली कर्णधारपद एम. डी. पै यांच्याकडे गेले. हा मान बाळूंचा होता, असे खुद्द पै यांनीच बोलून दाखवले. त्यांचा मोठेपणा मान्य केला पाहिजे. पण एका भल्या माणसाने मोठेपणा दाखवला, तरी निवड समिती होती तिथेच राहिली.

१९२० साली प्रकरण चिघळले. चौरंगी सामने त्या वर्षी पुण्यात होते. बाळूंना वगळले होते. पै आजारी असल्याने कर्णधार नेमायचा होता. अनुभवाने आणि खेळाने विठ्ठल पळवणकर पुढे होते, पण निवड झाली दि. ब. देवधरांची. देवधर थोर खेळाडू होते यात वाद नाही. मुद्दा ज्येष्ठतेचा आणि जातीचा होता. विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून अंग काढून घेतले आणि आपली भूमिका जाहीर निवेदनाने लोकांपुढे मांडली. या एका कृतीकडे आपण पुरेसे लक्ष दिलेले नाही. महाडच्या सत्याग्रहाच्या सात वर्षे आधी दोन अस्पृश्य खेळाडूंनी सवर्णांच्या व्यासपीठावर राहून त्यांना सांगितले की, आम्हाला नुसती जागा नको, न्याय हवा. लोकमताचा दबाव आला. अंतिम सामन्याला बाळू उपकर्णधार म्हणून परत आले, भाऊही आले. पै मैदान सोडून गेले तेवढा वेळ बाळूंनी संघाचे नेतृत्व केले. आयुष्यभराच्या गोलंदाजीनंतर मिळालेले ते काही तासांचे कर्णधारपद होते. पुढे १९२३ साली विठ्ठल हिंदूंचे कर्णधार झाले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली संघाने युरोपियनांना हरवून स्पर्धा जिंकली.

म्हणजे संयुक्त संघातही आपला माणूस शेवटी नेतृत्वापर्यंत पोचला. पण कसा पोचला? कोणी उदार होऊन दिले म्हणून नव्हे. संघ सोडून बाहेर पडण्याची तयारी दाखवली म्हणून. बाहेर पडण्याची ताकद असेल तरच आतल्या जागेला किंमत येते, हा या प्रकरणाचा धडा आहे.

०

आता १९३२ कडे येऊ. जातीय निवाड्याने अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ दिले, म्हणजे क्रिकेटच्या भाषेत आपला वेगळा संघ मान्य केला. गांधीजींनी उपोषण आरंभले आणि २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला. प्रांतिक कायदेमंडळांतल्या ७१ जागांच्या १४८ झाल्या, स्वतंत्र मतदारसंघ गेले. जागा दुपटीहून वाढल्या आणि त्या जागांवर कोण बसेल हे ठरवण्याचा अंतिम अधिकार बहुसंख्याकांच्या मतांकडे गेला. आमच्या गावच्या स्पर्धेतही संघ दुप्पट झाले होते, हे वाचकाच्या लक्षात आलेच असेल.

या करारावर सह्या करणाऱ्यांत बाबासाहेब होते, तसे बाळू पळवणकरही होते. आणि १९३७ च्या निवडणुकीत मुंबईत बाबासाहेबांच्या विरोधात काँग्रेसने उमेदवार उभा केला तो बाळूंनाच. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. आपल्याकडे या गोष्टीचा उल्लेख आला की काही जण बाळूंचे नाव रागाने टाकून देतात. मला तसे करता येत नाही. सीमारेषेबाहेर मातीच्या भांड्यात चहा प्यायलेल्या त्या माणसाला, हळूहळू का होईना पण आत जागा मिळते, असा आयुष्याचा अनुभव होता. त्या अनुभवाचे त्याने राजकारण केले. चूक त्याच्या अनुभवात नव्हती. चूक होती ती एका असामान्य गोलंदाजाला मिळालेली वाट साऱ्या समाजाची वाट मानण्यात. ज्याच्या हातात फिरकी नाही, त्या रोजगारी माणसाने कोणत्या दाराने आत जायचे, या प्रश्नाचे उत्तर बाबासाहेब शोधत होते.

आणि त्याच १९३७ साली चौरंगीची पंचरंगी झाली, हा योगायोग विचार करण्यासारखा आहे. पाचव्या संघाचे नाव होते 'दि रेस्ट', म्हणजे 'बाकीचे'. ख्रिस्ती, ज्यू, अँग्लो-इंडियन असे जे कोणत्याच पेटीत बसत नव्हते त्यांची ही पेटी. नवा संघ आला त्याच वर्षी नव्या ब्रेबोर्न स्टेडियमवर प्रेक्षकांच्या जागांच्या वाटपावरून हिंदूंचा संघ स्पर्धेबाहेर राहिला. खुर्च्यांसाठी बहिष्कार घालणे त्यांना सहज परवडले, हे नोंदवून ठेवावे.

'बाकीच्यां'ची ताकद आणि दुबळेपणा एकाच डावात दिसतो. १९४३-४४ च्या अंतिम सामन्यात हिंदूंविरुद्ध 'बाकीचे' सर्वबाद ३८७ झाले. त्यातल्या ३०९ धावा एकट्या विजय हजारे यांच्या. त्यांनी भाऊ विवेक याच्यासह ३०० धावांची भागी केली, त्यात विवेकच्या धावा २१. तरी संघ डावाने हरला. उरलेल्यांना गोळा करून नाव दिले तरी सराव, पैसा, जिमखाना यांचे बळ आपोआप येत नाही. एकटा माणूस किती खेचणार? वेगळा संघ मिळाला की प्रश्न सुटला, असे मानणाऱ्यांनी हा धावफलक पाहावा.

१९४० च्या डिसेंबरात गांधीजींनी या धर्मवार सामन्यांना विरोध केला. १९४६ साली ते संपले ते योग्यच झाले. त्यांची जागा प्रांतवार मांडणीने घेतली. १९२८ साली नियामक मंडळ स्थापन झाले होते आणि १९३४ पासून रणजी सामने सुरू होते. धर्म गेला, प्रदेश आला. कागदावर जात कुठेच राहिली नाही. आणि जात कागदावरून गेली की ती मोजताही येत नाही, विचारताही येत नाही.

०

मराठी दलित चळवळीने अमेरिकेतल्या काळ्यांशी नाते सांगितले, १९७२ च्या दलित पँथरने तर नावच तिथून घेतले. त्या नात्याने तिथल्या मैदानाकडेही एकदा पाहावे. बेसबॉल हा तिकडचा लोकप्रिय व्यावसायिक खेळ. त्याच्या मोठ्या साखळीत काळ्यांना मज्जाव होता. ज्या १९२० साली विठ्ठल आणि शिवराम पुण्यात संघाबाहेर पडले, त्याच साली रूब फॉस्टर या काळ्या खेळाडूने पुढाकार घेऊन काळ्यांची स्वतंत्र साखळी उभी केली. संघ काळ्यांचे, बरेचसे मालक काळे, प्रेक्षक काळे. १९४७ साली जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनच्या संघातून मोठ्या साखळीत उतरला आणि दार उघडले. तो क्षण थोर होता. पण दारातून आत घेतले ते निवडक खेळाडू. काळ्यांचे संघ, त्यांचे मालक, त्यांचे व्यवस्थापक बाहेरच राहिले. चांगले खेळाडू गेले, प्रेक्षक त्यांच्यामागे गेले आणि ती स्वतंत्र मंडळे एकेक करून बुडाली.

त्यानंतर मोठ्या साखळीचा विस्तार सुरू झाला. १९६१ पूर्वी तिथे सोळा संघ होते. १९६२ पर्यंत वीस झाले, १९६९ साली चोवीस, आणि तेव्हा प्रत्येक साखळीचे पूर्व-पश्चिम असे दोन विभाग पाडले. १९९८ साली तीस झाले. नवी शहरे आली, कॅनडातले शहरसुद्धा आले. या साऱ्या भरतीत काळ्यांच्या जुन्या मंडळांपैकी एकही नव्हते. संघाचा पहिला काळा व्यवस्थापक, फ्रँक रॉबिन्सन, काम करू लागला १९७५ साली, म्हणजे जॅकीनंतर अठ्ठावीस वर्षांनी. काळ्यांच्या साखळ्यांना 'मोठ्या साखळी'चा दर्जा देण्याची घोषणा झाली २०२० च्या डिसेंबरात. तोवर त्या संघांतले बहुतेक खेळाडू मातीआड गेले होते.

इथे आपल्याला दोन्ही वाटांचे शेवट दिसतात. वेगळे राहावे तर 'बाकीचे' म्हणून दुबळे राहण्याचा धोका. आत जावे तर आपली उभारलेली संस्था मोडून दोन-चार गोलंदाज तेवढे उचलले जाण्याचा धोका.

०

आजची मांडणी पैशाची आणि मतांची आहे. २००८ साली आयपीएल आठ संघांनिशी सुरू झाली. २०११ साली दोन संघ वाढले, त्यांत पुण्याचा एक होता. २०१२ साली आमच्याच मावळ तालुक्यात गहुंजे येथे मोठे मैदान झाले. २०१३ नंतर तो संघ गेला. २०१६ आणि २०१७ या दोन हंगामांपुरता पुण्याचा दुसरा आला, तोही गेला. २०२२ साली लखनौ आणि गुजरात आले. गाव कोणते, लोक कोण, हा या विस्तारात प्रश्नच नाही. बोली कोणाची मोठी, एवढेच.

आमच्या गावच्या नियमाशी जास्त जवळची गोष्ट दुसरी आहे. लोढा समितीने 'एक राज्य, एक मत' असे सुचवले आणि २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरले. महाराष्ट्रात मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन संघ आहेत, त्यांना मिळून एक मत उरले असते. बड्या संघटनांनी आपला इतिहास आणि आपली कामगिरी न्यायालयापुढे मांडली आणि २०१८ साली त्यांची स्वतंत्र मते त्यांना परत मिळाली. त्याच वर्षी नऊ नवे संघ रणजीत आले आणि संघ सदतीस झाले. माझी यावर तक्रार नाही. मला एवढेच दिसते की, 'एक राज्य' म्हणून आपली ओळख पुसली जाईल असे प्रस्थापितांना वाटले, तेव्हा त्यांच्याकडे वकील होता, दस्तऐवज होता, इतिहास होता. 'एक गाव' म्हणून वाडीची ओळख पुसली गेली, तेव्हा वाडीकडे काय होते? एक बॅट, दोन स्टंप आणि स्पर्धेच्या जुन्या फलकावरचे एक नाव.

०

त्या विद्यार्थ्याला मी आठवड्याने उत्तर दिले. म्हणालो, वेगळा संघ की गावचा संघ, हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न, संघ पाडणाऱ्यांत आपण आहोत का? म्हणून पहिली मागणी निवड समितीतल्या जागेची कर, आपल्या वाडीचा एक आणि ठाकरवाडीचा एक. दुसरी मागणी सरावाच्या वेळेची कर, कारण मैदानाचा रोलर कोणाच्या अंगणात असतो यावरून कोण फलंदाज होईल हे ठरते. आणि गावच्या संघात खेळत असताना वाडीचा संघ मोडू नका. त्याचे नाव, त्याचा सराव, त्याची वर्गणी चालू ठेवा. विठ्ठल-शिवराम बाहेर पडू शकले, कारण बाहेर पडायची हिंमत त्यांच्यात होती. तुम्हाला बाहेर पडायला एक जागाही हवी.

तो म्हणाला, "आणि त्यांनी नाही म्हटलं तर?"

मी म्हणालो, तर दोघांनीही गावच्या संघातून नाव काढून घ्यायचे आणि कारण लिहून फलकावर लावायचे, १९२० साली जाहीर निवेदनाने मांडले तसे. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणजे या वर्षी खेळायला मिळणार नाही." त्याच्या आवाजातले दुःख मला ओळखीचे होते. एकोणीस वर्षांच्या पोराला एक हंगाम फार मोठा असतो. इतिहास शिकवणाऱ्याने त्याच्याकडे तो मागावा का, हे मला अजूनही नीट ठरवता आलेले नाही. अर्ज मात्र त्यानेच लिहिला. समितीने अजून उत्तर दिलेले नाही. खाचरात भात उभे आहे, ते निघेपर्यंत वाट पाहायची आहे.